मागची पायरी, सव्वासोळा इंच

जीपचे दिवे रस्ता सोडून बाभळींच्या शेंड्यांवर पडायला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडी मागून बसली आहे. मग खड्ड्यात धाड असा आवाज यायला लागला. एकदा मागच्या चाकावरच्या पत्र्याला आतून हात लावून पाहिला, तर टायर घासून तिथला रंग गेलेला. सपाट जागी रिकामी गाडी उभी केली आणि टेपने मोजलं. मागचं अंग पुढच्यापेक्षा साडेतीन इंच खाली होतं. मोजल्याशिवाय मी सहसा काही बोलत नाही. डोणगावात एका अडत्याच्या भुईकाट्यावर मी कामाला आहे, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वजनं करणं हीच माझी नोकरी.

जीप जुनी आहे, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. आमचं शेत नाल्यापलीकडे, काळ्या जमिनीत. पावसाळ्यात तिथे साध्या गाडीची चाकं नुसती जागच्या जागी फिरतात. म्हणून चारही चाकांना ओढ देणारी गाडी घेतली. मागे दोन्ही बाजूंना लांब बाकडी, दार मागून, दाराखाली लोखंडी पायरी. खत जातं, सोयाबीनचे कट्टे, म्हणजे पोती, येतात, फवारणीचं पाणी जातं. आणि पावसाळ्याच्या तीन महिन्यांत दर रविवारी आई आणि तिच्या चार मैत्रिणी जातात.

आईचं माहेर हिवरा आश्रमाच्या वाटेवर, डांबरी रस्ता सोडून आत. तिथल्या बुद्धविहारात वर्षावासाच्या या तीन महिन्यांत दर रविवारी ग्रंथवाचन असतं. आमच्या गल्लीतल्या या पाच जणी पांढरी लुगडी नेसून निघतात आणि मी त्यांचा ड्रायव्हर. वंदना आईने सुरू करायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची, असं तिथे कित्येक वर्षं चालत आलं आहे. कोणी ठरवलेलं नाही, पण दुसरं कोणी सुरू करत नाही.

गाडीत चढण्याचाही क्रम होता. आई सगळ्यांत मोठी, म्हणून ती आधी. एका हाताने दाराचा दांडा धरायची, उजवा पाय पायरीवर टाकायची, "हं" म्हणायची आणि आत. तिची जागा अगदी आत, माझ्या पाठीमागे. तिथून तिला माझ्या खांद्यावर बोट टोचता यायचं. एकदा टोचलं की हळू चालव, दोनदा टोचलं की थांब. तिला पुढे माझ्याजवळ बस म्हणून मी सांगून पाहिलं होतं.

"पुढं बसून काय करू? तुह्या तोंडाकडं पाह्यत जाऊ? गोष्टी तं सगळ्या मागं होतात."

शिवाय पुढची चढण मागच्यापेक्षा उंच. तिच्या गुडघ्यांना ती झेपत नव्हती.

आषाढी पौर्णिमेच्या आधी मी गाडी मेहकरला मिस्त्रीकडे नेली. मागच्या एक्सलवर पोलादी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. धनुष्यासारखी त्यांची कमान असते आणि त्या कमानीवर गाडीचं सगळं मागचं वजन. मिस्त्री खाली वाकला, हातोडीने दोन ठिकाणी ठोकलं आणि उठला.

"भाऊ, पाटे सरळ झाले. कमानच नाही राह्यली. पुन्हा कमान मारून देतो. पण आधी सांगा, गाडीत भरता काय?"

"सोयाबीन," मी म्हणालो. "आठ कट्टे. कधी खत."

"मंग एक पाटा जास्त टाकू. दहा कट्टे टाका, हलणार नाही."

मला ते पटलं. त्याने पाटे सुटे केले, ठोकून कमान दिली, दोन्ही बाजूंना एकेक नवा पाटा घातला, पाट्यांच्या टोकांचे झिजलेले रबरी बुश बदलले. संध्याकाळी गाडी घेऊन निघालो तर दिवे सरळ रस्त्यावर. खड्ड्यात आवाज नाही. घरी आल्यावर मागून पाहिली, तर गाडी अशी ताठ उभी होती की मी बायकोला मुद्दाम बाहेर बोलावलं. तिने पाहिली आणि म्हणाली, "चांगली दिसते. पण आता यात आई कशा चढतील?"

मी टेप काढली. पायरी जमिनीपासून वीस इंच. आधी सोळा होती. चार इंच म्हणजे फार नाही असं मी म्हणालो. माझ्या पायांच्या हिशेबाने ते खरंही होतं.

रविवारी आईने दांडा धरला, पाय उचलला, तो पायरीच्या बराच खाली अडला आणि तिने परत जमिनीवर ठेवला. दुसरा पाय करून पाहिला. मी घरातून लाकडी स्टूल आणलं. त्यावरून ती चढली. विहारापाशी मात्र जमीन ओली होती. उतरताना स्टुलाचा एक पाय काळ्या मातीत रुतला आणि आई कलली. तिच्या मैत्रिणींत एक पिठाच्या गिरणीची मालकीण आहे, अंगाने भक्कम, तिला मी मावशी म्हणतो. तिने आईला कमरेतून धरलं म्हणून निभावलं. लागलं काही नाही, पण लुगड्याला गुडघ्यापर्यंत चिखल. आईने तशीच वंदना घेतली. परतताना बोट एकदाही टोचलं नाही.

पुढच्या रविवारी ती तयारच झाली नाही.

"मले नाई येनं होत. गुडघा दुखून राह्यला. तुम्ही जा."

मी चौघींना घेऊन गेलो. वंदना मावशीने सुरू केली. तिचा आवाज मोठा, पण ती एक ओळ गाळून पुढे गेली, मागच्या बायका आधीच्या ओळीवर, आणि थोडा वेळ सगळा गोंधळ. त्याच्या पुढच्या रविवारीही आई आली नाही. मी तिच्यासाठी गोळ्या आणल्या. बायको म्हणाली, "गोळ्या कशाला? गुडघा तोच आहे. गाडी बदलली."

मग मी गावातल्या वेल्डरकडून पायरीखाली आणखी एक पायरी लटकवून घेतली. ती नाल्यातल्या दगडावर आपटून पहिल्याच फेरीत उलटी वाकली. गाडीच्या मागे खाली काही लोंबत ठेवणं आमच्या रस्त्याला चालत नाही. गाडी उंच हवी ती रस्त्यासाठी, खाली हवी ती आईसाठी. दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते मला सुचत नव्हतं. आणि आई तर आता रविवारी सकाळी मुद्दाम धुणं काढून बसायला लागली होती.

आईविना जायच्या तिसऱ्या रविवारी चौघी गाडीत चढून बसल्या आणि आई निरोप द्यायला दारापाशी येऊन उभी राहिली. तिने सवयीने दांडा धरला. मावशी आतून म्हणाली, "अक्का, नुसता दांडा कायले धरतं? ये न वं आत."

"माहा पाय पुरत नाई."

"पाय नाई पुरत का मन नाई पुरत? मांगच्या खेपेले म्या वंदना बिघडवली, हे साऱ्या गावात झालं. माही इज्जत घालवून तू इथं धुणं धुऊन राह्यली!"

"मंग नीट म्हन न वं. ओळ खाऊन जातं."

"दोन बोटं राह्यली फक्त, पाह्य," मावशीच्या शेजारची वाकून म्हणाली.

आईने पाय उचलला होता. चपलेचा पुढचा भाग पायरीच्या कडेला लागत होता. मला नवल वाटलं, कारण त्या दिवशी स्टुलावरून चढण्याआधी तिचा पाय पायरीच्या खूपच खाली राहिला होता. मी टेप काढली.

"आला मोजणारा," मावशी म्हणाली.

साडेअठरा इंच. रिकाम्या गाडीची वीस. चौघी बसल्याने पायरी दीड इंच खाली आली होती. एवढी साधी गोष्ट, आणि मी रोज काट्यावर बसून ट्रॉल्या भरताना दबतात कशा ते पाहत असतो. आई नेहमी सगळ्यांत आधी चढायची, म्हणजे गाडी जेव्हा सगळ्यांत उंच तेव्हाच. आणि त्यातून मी मिस्त्रीला सोयाबीन सांगून बसलो होतो. तो जास्तीचा पाटा आठ-दहा कट्ट्यांसाठी होता. चार बायकांना तो फारसं मोजत नव्हता.

आई त्या दिवशीही आली नाही. पण मी वाटेत गाडी आमच्या काट्याकडे वळवली. रविवारी अडत बंद, किल्ली माझ्याकडे. फक्त मागची चाकं काट्यावर घेतली.

"इथं कायले आनलं?" आतून आवाज आला.

"वजन करायचं आहे."

"आमचं? आमी काय तूर आहो का, बापू?"

"तूर नाई, तुरीचा कट्टा. ही मावशी पाह्य," शेजारची म्हणाली.

"तू गप वं. कडब्याची काडी तू, वाऱ्याने उडून जाशील म्हून तं मी शेजारी बसतो."

"सगळ्यांचं एकत्र होतं," मी म्हणालो, "कोणाचं किती ते कळत नाही." हे ऐकल्यावर चौघी शांत बसल्या. मग त्यांना उतरवून पुन्हा काटा पाहिला. चौघींचा मागच्या चाकांवरचा भार दोनशे साठ किलो. मावशीने आकडा विचारला, मी सांगितला, आणि तिने उरलेल्या तिघींना पंचावन्न-पंचावन्न देऊन आपलं काय उरतं ते मनात वजा करून पाहिलं असावं, कारण विहारापर्यंत ती फारशी बोलली नाही.

सोमवारी मी मेहकरला.

"आता काय झालं?" मिस्त्री म्हणाला.

"टाकलेले पाटे काढा. मूळचेच राहू द्या. कमान आहे तेवढी राहू द्या."

"लोक टाकायले येतात, तुम्ही काढायले आले. भरता काय आता?"

"पाच म्हाताऱ्या."

मी थट्टा करतो का हे त्याने नीट पाहून घेतलं. "वजन?"

"चौघींचं दोनशे साठ. पाचवी शेवटी चढते, तिचं धरायचं नाही."

तो हसला नाही. हातातलं काम ठेवून त्याने हिशेब लावला. "मंग पाटा काढल्यावर दोन-सव्वादोन इंच दबेल. पण सोयाबीन?"

"चार कट्टे एका खेपेला. दोन खेपा करीन."

पाटे निघाले. रिकाम्या गाडीची पायरी साडेअठरावर आली. दिवे अजून रस्त्यावरच होते आणि टायर पत्र्याला लागत नव्हता, ते मी घरी यायच्या आधी दोनदा थांबून पाहिलं.

आता राहिलं ते आईला सांगणं, आणि ते मला काट्यापेक्षा जड गेलं. सगळ्यांत मोठीने सगळ्यांत शेवटी चढायचं. तिने सरळ नाही म्हटलं.

"मी मोठी. अन् माह्या मांगून येनाऱ्या पह्यले बसतीन, मी खाली उभी राहून पाह्यत राहू? लोकं काय म्हनतीन?"

मी तिला इंच समजावून सांगत होतो. रविवारी मावशी आली आणि तिने इंचांचा विषयच काढला नाही.

"अक्का, तुले चढवाले आमी चौघी आत बसून जोर लावून राह्यलो. पालखी उचलनारे आधी जागेवर जातात, का पालखीतला?"

आई उठून दाराकडे निघाली. त्या सकाळी धुणं काढलं नव्हतं आणि लुगडं पांढरं होतं.

चौघी चढल्या. शेवटी मावशी चढली तेव्हा पाटे करकरले आणि गाडी खाली आली. आत हसू फुटलं. मी मोजलं, सव्वासोळा. आधीच्या सोळापेक्षा पाव इंच जास्त. आईने दांडा धरला, उजवा पाय टाकला, "हं" म्हणाली. तो पाव इंच तिने कुठून आणला ते मला माहीत नाही. ती आत होती.

तिची जागा आता दारापाशी झाली. तिथे धूळ जास्त लागते, आणि तिचं बोट माझ्या खांद्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे तिचा निरोप बाकड्यावरून माणसामाणसांतून पुढे येतो. ती म्हणते "हळू", आणि माझ्यापर्यंत येईतो त्याचं "तुह्या मायले पाडतं का बे" असं झालेलं असतं. मी हळू करतो.

विहारापाशी गाडी थांबली. जमीन ओलीच होती. मावशी सवयीने उठायला लागली तशी आईने मागे न पाहता हात आडवा केला.

"बस खाली. मी उतरल्याबिगर कोनी हलायचं नाई."

मावशी बसली. चौघी वंदनेला बसाव्यात तशा नीट, गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या, कारण एक जरी उठली असती तरी पायरी वर गेली असती. आईने दांडा धरला, एक पाय खाली सोडला, मग दुसरा. घाई केली नाही. लुगड्याचा काठ झटकला, चिखल नाही हे पाहिलं आणि विहाराच्या दाराकडे चालायला लागली. आवारातल्या बायका तिला पाहून उठून उभ्या राहिल्या.

"उतरू का आता?" मावशीने आतून ओरडून विचारलं.

"उतरा," आई म्हणाली, "एकेक."

"बापू," मावशी मला म्हणाली, "तुह्या मायले कंडक्टरची नोकरी लागली."

त्यानंतर एकही रविवार चुकलेला नाही. सोयाबीन यंदा दोन खेपांत आलं, एक सकाळी, एक दुपारी. नवे ठोकलेले पाटे थोडे बसतात असं मिस्त्री म्हणाला होता, म्हणून वर्षावास संपताना, आश्विन पौर्णिमेला, मी पुन्हा मोजलं. चौघी आत असताना पायरी बरोबर सोळा. आईला सांगितलं.

"मले कळलं होतं," ती म्हणाली आणि चढली. या वेळी "हं" म्हणावं लागलं नाही.