अक्कानं सोडलेलं तिखट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. अक्काला तर नाहीच — तिच्यापासूनच तर लपवलं.

इथे कानडी मुलखात, चिकपेटेत, आमचं साड्यांचं दुकान. गादीवर मी, हिशेबाला धाकटा भाऊ शशी. माझ्या बोलण्यावर दुकान चालतं, असं लोक म्हणायचे. मग घशात कॅन्सर निघाला, रेडिएशनचे शेक सुरू झाले आणि तोंड आलं. साधंसुधं नव्हे — ओठांपासून घशापर्यंत सोललेलं. डॉक्टर म्हणाले, तोंडातली कातडी सारखी झिजते, सारखी नवी येते. शेकांनी ती नवी येणंच थांबलंय. पाणीसुद्धा झोंबायचं. बोलणं बंद.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. विधवा, माझ्याकडेच राहते. रागीची गंजी, म्हणजे नाचणीची पातळ पेज, गाळून, गार करून ती मला चमच्यानं भरवायची. तिनं देवापुढे सांगून टाकलं — भाऊ माझ्या हातचा ठेचा खाईल तेव्हाच मी तिखटाला हात लावीन. आणि ही बाई कशी? ताकातसुद्धा मिरची चुरडणारी.

मग ती दुपार. मी खाटेवर, शशी आलेला. बोलत नाही त्याला ऐकूही येत नाही, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. माझ्यादेखत म्हणाला, "अक्का, अण्णाच्या गादीवर माझ्या मेव्हण्याला बसवतो. हा काही आता पहिल्यासारखा बोलायचा नाही." मी तिच्याकडे पाहिलं. ती भांडेल, खात्री होती मला. ती म्हणाली, "सरी, बरं. बसव."

एवढंच. शशीचं सोडा, तो तसाच. पण ती? आईमागं जिनं मला वाढवलं, तिनं माझा घात केला — असं वाटलं. आजही वाटतं.

शेक संपले. हळूहळू आतली कातडी भरली. पुढच्या तपासण्यांना मी हट्टानं एकटाच जायचो. एकदा डॉक्टर म्हणाले, आता बोला, सगळं खा. घरी येऊन मी — गालाला हात लावला आणि अजून दुखतंय अशी मान हलवली. अक्का म्हणाली, "असू दे रे, स्वल्प दिवस लागतील." आणि पुन्हा गंजी चढवली.

बाहेर पडलो की मी कोपऱ्यावरच्या गाडीवर मिरचीभजी खायचो. चूळ भरून घरी यायचो. घरात ती फिका दहीभात घेऊन बसलेली. दिवाळीचा चिवडाही तिनं तोंडात घातला नाही. ते बघून मला बरं वाटायचं. हो, बरंच वाटायचं.

शेवटी मलाच कंटाळा आला, म्हणून मी बरा झालो. दया आली म्हणून नव्हे.

तिनं शेजारीपाजारी साखर वाटली, ठेचा केला. मी खाल्ल्यावर तिनं घास घेतला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "सवय गेली रे," म्हणत हसली, उरलेला ठेचा माझ्या पानात सरकवला. मी तो पुसून खाल्ला.

गादीवर अजून शशीचा मेव्हणाच बसतो. आणि अक्का मला वाढण्याआधी प्रत्येक भाजी स्वतः चाखते. तिच्या जिभेला जरा झोंबली, तर माझ्या पानात वाढत नाही.