जीप देवळापर्यंत गेली की नाही?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा, कारण सांगताना मध्येच कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. माझ्या हातून एक घोटाळा झाला. म्हणजे मी त्याला घोटाळा म्हणत नाही. पण अख्खं विचुंबे म्हणतं, आणि गावाच्या तोंडाला हात कोण लावणार?

मी जनार्दन. जना म्हणतात. जासईला एका कंटेनर यार्डात कागद तपासायला आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हीच माझी नोकरी. सीलच्या नंबरात एक आकडा इकडचा तिकडे दिसला की ट्रेलर जागच्या जागी उभा करतो, मग ड्रायव्हर कितीही हातापाया पडो. ‘कागदावर आहे ते आहे, नाही ते नाही,’ हे माझं वाक्य यार्डात सगळ्यांना पाठ आहे. अशा माणसाकडून हे झालं, हे आधी लक्षात घ्या.

आमच्या घरामागे जांभळाच्या झाडाखाली बाबांची जुनी जीप उभी होती. उरणकडच्या मिठागरावरून बाबा तिच्यातून मिठाच्या गोणी आणायचे. आता मिठाचं आणि लोखंडाचं किती पटतं, ते मी तुम्हाला काय सांगू? बाबा गेले आणि त्यानंतर बारा वर्षं ती जागची हलली नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पार गेला होता, सीटवर बसलं की पाय थेट गवतात. दरवाजे तेवढे गंजले नव्हते, कारण ते तिला पहिल्यापासून नव्हतेच.

माझा मोठा भाऊ काशिनाथ, म्हणजे आमचा दादा, याचा रेती-खडीचा धंदा. त्याला त्या जागेवर डंपरसाठी शेड घालायची होती. एके दिवशी तो तळोज्याच्या इस्माईलभाई भंगारवाल्याला घेऊन आला. इस्माईलभाईंनी जीपच्या बॉनेटवर दोन टिचक्या मारल्या, कलिंगड बघावं तशा, आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. खरं सांगतो, त्या जीपमध्ये बाबांच्या मांडीवर बसून मी स्टिअरिंग धरायला शिकलो होतो. तिचे तुकडे होताना मला बघवलं नसतं.

मी आडवा आलो. जीप मी घरच्या घरी दुरुस्त करीन म्हणालो. दादा हसला.

“तुना पंखा नाय पुसता येत, जना. जीप काय करतंस?”

झालं! मला कुणी ‘तुला जमणार नाही’ म्हटलं की मी ते करतो. जमतं असं मी म्हणत नाही, करतो एवढंच.

आमच्या गावात दसऱ्याला सकाळी सगळ्या गाड्या गावदेवीपुढे नेतात. दादाच्या पांढऱ्या गाडीपासून जेसीबीपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा. तेव्हा अट अशी ठरली की दसऱ्याला जीप धक्का न मारता, स्वतःच्या इंजिनावर, आमच्या अंगणातून देवीच्या देवळापर्यंत गेली पाहिजे. गेली तर ती कायमची राहील आणि शेड दुसरीकडे होईल. नाही गेली तर इस्माईलभाई टेम्पो घेऊन तयारच असतील, तिथूनच उचलतील. अट मी दादाकडून दोनदा वदवून घेतली. कागदाचा माणूस ना मी!

मे महिन्यापासून लागलो. यार्डातून आलो की तारेचा ब्रश घेऊन गंज खरवडत बसायचं. माझं नाक, कान, भात, सगळं तांबडं. कळंबोलीच्या जुन्या सामानाच्या दुकानांत मला लोक नावानं ओळखायला लागले. नटबोल्ट ठेवायला मी सुनंदाचे, म्हणजे बायकोचे, डबे घेतले. एकदा आमटीत वॉशर निघाला. तिनं तो धुतला, माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि काही बोलली नाही. ती कमी बोलते. मी तिला बोलू देत नाही असं तिचं म्हणणं आहे, पण ते वेगळं.

मेकॅनिक मात्र बोलावला नाही. मोबाईलवर व्हिडिओ असताना मेकॅनिक कशाला?

आणि त्या व्हिडिओंनीच माझ्या डोक्यात उंचीचं खूळ घातलं. डोंगरात जाणाऱ्या जीपा कशा उंच असतात! आमची बसकी. मी खाली शिरून बघितलं, तर मागच्या चाकांना जोडणारा तो जाड ॲक्सल पाट्यांच्या वर बसलेला. पाटे म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी कमानी. हेच पाटे ॲक्सलच्या वर बसवले, तर गाडी आपोआप वीतभर उंच! पण पाटे टेकायच्या बैठका ॲक्सलच्या खालच्या अंगाला जोडलेल्या. मग त्या वर कशा आणायच्या?

सोपं आहे. अख्खा ॲक्सल उलटा करायचा!

कुठल्याही व्हिडिओत हे नव्हतं. हे माझं स्वतःचं. दादाचीच चेनपुली जांभळाच्या फांदीला टांगली, ॲक्सल वर घेतला, वरची बाजू खाली केली आणि पाटे चढवले. इंजिनाकडून येणारा लांब दांडा जरा तिरका बसला, पण बसला. ॲक्सलमधून तेल ठिबकायला लागलं. बारा वर्षांची सवय मोडली की सुरुवातीला कुणालाही त्रास होतो, असं मी स्वतःला सांगितलं. पुढची चाकं तशीच ठेवली होती, त्यामुळे जीप मागून उंच आणि पुढून वाकलेली दिसायला लागली. दादानं विचारलं, ही नमस्कार कुणाला करते? मी म्हटलं, देवीला, सराव चालू आहे.

दसऱ्याच्या चार दिवस आधी मागची चाकं जॅकवर उचलून इंजिन चालू केलं. अंगणभर काळा धूर. गिअर टाकला आणि चाकं फिरली हो! बारा वर्षांनी बाबांच्या जीपची चाकं फिरली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काही धुरामुळे असेल. सुनंदा चाकाकडे बघत म्हणाली, “अवो, ही आशीच फिरतात का?” मी म्हटलं, तू आता गाड्यांतलं मला शिकवू नकोस. ती आत गेली.

आता तुम्हीच सांगा, बारा वर्षांनी चाक फिरल्यावर कोणत्या दिशेला फिरतंय हे कोण बघत बसतं?

दसरा उजाडला. अंगणात निम्मं गाव. जीपला हिरवा रंग, बॉनेटवर झेंडूची माळ, कुंकवाचं स्वस्तिक. सुनंदानं पुढच्या दोन चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं, नारळ फुटला. फाटकाबाहेर दादाची गाडी, तिच्यामागे इस्माईलभाईंचा रिकामा टेम्पो. ते भले गृहस्थ टेम्पोतून उतरून मला म्हणाले, “जनाभाऊ, दुआ करतो, मला रिकामाच जाऊ दे.”

मी बसलो. शेजारी सुनंदा, मांडीवर पूजेचं ताट. मोठ्या ऐटीत पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

जीप मागे गेली.

लिंबं जागच्या जागी, धडधाकट. माझ्या मागे उभे असलेले लोक मात्र पळाले. मला वाटलं, चुकून दुसराच गिअर पडला. ब्रेक मारला, पुन्हा नीट पहिला टाकला. मागे. दुसरा टाकला. आणखी जोरात मागे! तिसरा टाकायला गेलो तेव्हा दादाच खिडकीशी, म्हणजे खिडकी नसलेल्या जागेशी, आला.

“जना, बास. झालं. गाडी लोकं पुढं जायाला ठेवतात.”

इस्माईलभाईंनी मान खाली घातली. टेम्पोचा मागचा फाळका कुणीतरी खाली सोडला, त्याचा आवाज मला ऐकू आला. आणि तो आवाज ऐकून माझं टाळकं सटकलं.

मी दादाला विचारलं, अट काय होती? धक्का न मारता, स्वतःच्या इंजिनावर, देवळापर्यंत. तोंड कुणीकडे पाहिजे, हे कुठे ठरलं होतं? जे ठरलं नाही ते नाही! सुनंदा म्हणाली, “अवो, पन मी काय म्हंते...” मी तिला म्हटलं, आत्ता नको.

मागे मागे घेत मी जांभळाभोवती एक वळसा मारला. जीपचं शेपूट फाटकाकडे आलं. आणि तसाच निघालो. देवीकडे. उलटा.

सबंध रस्ता मान मागे वळवून. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा सीटच्या पाठीवर. यार्डात ट्रेलर मागे घेताना ज्या ड्रायव्हरांना मी इतकी वर्षं डोळे फुटले का विचारत होतो, त्या सगळ्यांची मी त्या रस्त्यावर मनातल्या मनात माफी मागितली. डावीकडे न्यायची म्हटलं की उजवीकडे जायची. तळ्याच्या वळणावर मागचं एक चाक काठावरून उतरता उतरता राहिलं. माळा घातलेल्या मोठमोठ्या गाड्या बाजूला होत होत्या आणि त्यांच्या काचांमधून मोबाईल बाहेर येत होते.

वळणावर जरा पुढे बघितलं तर समोर इस्माईलभाई. त्यांचा टेम्पो आमच्या मागोमाग येत होता, पण जीपचं तोंड त्यांच्याकडे, त्यामुळे आम्ही अगदी समोरासमोर. माझ्या जीपचे तुकडे करायला निघालेला माणूस माझ्याकडे बघून धीर देतोय, असं दृश्य कुणी बघितलंय का?

वाटेत एक म्हातारे काका ओरडले, “जना, देवीला पाठ दाखवतंस?” मी ओरडून सांगितलं, पाठ जीपची आहे, तोंड माझं देवीकडेच आहे! काकांना ते पटलं असावं, त्यांनी हात जोडले.

सुनंदा पुन्हा काहीतरी सांगायला बघत होती. मी म्हटलं, बाई, ताट सांभाळ.

आणि पोचलो! देवळाच्या पायरीपासून दोन हातांवर जीप थांबवली. इंजिन बंद केलं. घंटा वाजली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी उतरलो, पण मान परत पुढे येईना. तशीच वाकडी मान घेऊन मी देवीला नमस्कार केला.

तेवढ्यात इस्माईलभाई जीपखाली वाकले, टॉर्च मारला आणि हळूच उठले. ते मला दुखवायच्या बेतात नव्हते.

“जनाभाऊ, माफ करा. हा ॲक्सल पोटावर झोपतो. तुम्ही त्याला पाठीवर झोपवला. इंजिन सीधंच फिरतंय बिचारं, चाकं उलटी फिरतात.”

देवळापुढच्या गर्दीनंही वाकून जीपखाली बघितलं. मग कुणीतरी खोकलं, आणि मग सगळेच हसायला लागले. मी हसलो नाही. मी विचारलं, जीप आली की नाही ते सांगा.

दादा जीपपाशी आला. त्यानं बॉनेटवर हात ठेवला, जिथे बाबा ठेवायचे तिथेच. “बाबाबी आसाच व्हता,” तो म्हणाला. “चुकला तं चुकला, पन मागं नाय हटायचा. तू तं मागं जाऊनबी नाय हटलास.” मग इस्माईलभाईंकडे वळून म्हणाला, “भाई, टेम्पो घेऊन जा. जीप घरची हाय.”

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! दादाला मिठी मारायची होती, पण मान तळ्याकडे असल्यामुळे अंदाज चुकला आणि मी इस्माईलभाईंना मिठी मारली.

दादानं विचारलं, आता परत कशी नेणार? मी छाती काढून सांगितलं, जशी आणली तशीच. उलटी. गरज पडली तर पनवेलपर्यंत उलटी नेईन, मुंबईपर्यंत नेईन, माझी मान गेली तरी चालेल!

“आता बोलू का?” सुनंदानं ताट खाली ठेवलं. “पुढचा गिअर टाकला तं ती मागं जाते ना? मंग रिवस टाकला तं ती पुढं नाय जानार?”

सुनंदा तिच्या जागेवर जाऊन बसली. मी गाडीत बसलो. रिव्हर्स टाकला, क्लच सोडला.

जीप सरळ पुढे निघाली. सावकाश, कुंईं आवाज करत, नाकासमोर, घराकडे. सबंध रस्ता समोर दिसत होता, म्हणजे सुनंदाला दिसत होता. माझी मान अजून देवळाकडेच होती, त्यामुळे ती सांगत होती आणि मी वळवत होतो.

आता लोक मला विचारतात, जनाभाऊ, जाताना रिव्हर्स टाकायचं तुम्हाला सुचलं नाही का? मी सरळ सांगतो, सुचलं होतं की! तो गिअर मी परतीसाठी राखून ठेवला होता.

हे मी सुनंदा स्वयंपाकघरात असली की सांगतो.