दांडा केसभर खाली

तुर्भ्याला एक काका हायेत, जुने रेकॉर्ड प्लेयर नीट करतात. मी चौथीत दोनदा नापास, मला मशीनमधलं काय कळतंय! माझ्या प्लेयरची सुई उड्या मारते म्हनून मी तिच्यावर नाणं चिकटवलेलं. प्लेयर काकांकडं नेला, तर त्यांनी ते सोलून माझ्या हातात दिलं. "गानाऱ्या बाईच्या डोक्यावर वजन ठेवलंत?"

काका असंच बोलतात. रेकॉर्ड लागली की भिंतीकडं तोंड करून उभे राहतात आन् सांगतात, "यातला तबलेवाला उपाशी बसलाय." मी आधी हसायचो. आता नाय हसत.

नाणं लावून मी वाजवायचो ती रेकॉर्ड आमच्या उलव्याकडच्या लग्नगान्यांची. आई त्यात मागं कोरसमधे. ती वारल्यावर तिचा आवाज मला आठवेनाच, आन् रेकॉर्डवर सगळ्याच बाया चिरक्या.

"सुईचा दांडा मागून वर राहिलाय," काका म्हनाले. सुई उचलून, स्क्रू ढिला करून त्यांनी दांडा केसभर खाली घेतला, सुई परत टेकवली आन् भिंतीकडं वळले. आवाज भरला. सगळ्या बायांमधून आई वेगळी ऐकू आली.

मी जोरात ओरडलो, "आये!"

"हळू," काका न वळता म्हनाले. "या उंचीला तिकडं ऐकू जातं."

"काय पन काय, काका!"

पन बाकीच्या बाया गातच होत्या. आई तेवढी थांबली होती, कुनी हाक मारल्यावर थांबतात तशी.

काका भिंतीलाच बोलले, "पोरगा हाय तुमचा, ताई. गा तुमी."

मग आई गायला लागली. मी श्वाससुदा जपून घेतला.