चिंबोरीची तिसरी फिल्म

समजा, तुम्हाला एक फिल्म करायची आहे. तीन मिनिटांची. बघणारी मुलं सहा-सात वर्षांची, म्हणजे पहिल्या मिनिटाला त्यांना तहान लागणार आणि दुसऱ्या मिनिटाला शू. एवढ्या वेळात त्यांना सांगायचं आहे की ओळखीचं माणूससुद्धा कधीकधी चुकीचं वागतं. तसं झालं तर 'नको' म्हणायचं, तिथून निघायचं आणि घरी येऊन सांगायचं. पण मूल घाबरता कामा नये. उद्यापासून ते आजोबांच्या शेजारी बसायला कचरता कामा नये. आजोबांनाही वाईट वाटता कामा नये. काका, मामा, गुरुजी, दुकानदार, रिक्षावाला, कुणालाच वाईट वाटता कामा नये. करा बघू.

हर्षला हे काम पगार घेऊन करते. तिच्या गावात, कुंभिवलीत, तिला अजूनही लोक विचारतात, "तू नक्की करतेस काय गं?" मुलांसाठी फिल्म बनवते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हंजे शिरेल? मंग आमच्या ओजसला घे की."

खरं तर तिचा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. रसायनीतल्या एका कारखान्यात ती पॅनेलवरचे लाल-हिरवे दिवे बघत बसायची. गाव हायवेला लागून, शाळा रस्त्याच्या पलीकडे आणि मधून कंटेनर सुसाट. एक दिवस भाचीला रस्ता ओलांडायला शिकवता शिकवता तिचा घसा बसला, तेव्हा तिने आईच्या जुन्या तांबड्या ब्लाउजची एक चिंबोरी, म्हणजे खेकडी, शिवली, हातात घालून नाचवायची. शेताच्या बांधावर चिंबोऱ्या धरलेल्या पोरांना ठाऊक असतं की ही बया बिळातून बाहेर पडण्याआधी डोळ्यांच्या काड्या वर करून चहूबाजूंना बघते. हर्षलाने तेच मोबाइलवर शूट केलं. ती फिल्म एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरत कर्जतच्या समिधाताईंपर्यंत पोचली. समिधाताई निवृत्त शिक्षिका. शाळांसाठी अशा फिल्म करणारी त्यांची छोटी संस्था होती. त्यांनी हर्षलाला बोलावून घेतलं, आणि पॅनेलचे दिवे सुटले.

पहिली फिल्म सगळ्यांना आवडली होती, कारण तिच्यात चूक ट्रकची होती आणि ट्रकला भावना नसतात. दुसरी रागावर होती. चिंबोरीला राग येतो, ती बिळात जाते, श्वास मोजते, बाहेर येते. तिच्यावर एकच तक्रार आली. एका पालकाने विचारलं, आमचं घर माळकरी, चिंबोरीऐवजी फुलपाखरू नाही का चालणार?

तिसरी मात्र हर्षलाच्या मानगुटीवर बसली.

पैसे एका कंपनीच्या समाजकार्याच्या निधीतून यायचे आणि त्या कंपनीकडून विपुल नावाचा अधिकारी मीटिंगला यायचा. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, चहा झाल्यावर कप स्वतः विसळायचा. फक्त त्याला जगातल्या प्रत्येकाला खूश ठेवायचं होतं.

"काका नको, मॅडम," तो पहिल्याच मीटिंगला म्हणाला. "गावात सगळे काकाच असतात."

"मग मामा करू."

"मामा? मुलांचा लाडका असतो तो. बायकांना वाईट वाटेल."

"दुकानदार?"

"शाळेच्या गॅदरिंगला मंडप कोण देतं? दुकानदारच ना?"

"मग तुम्हीच सांगा सर, कोण दाखवू?"

"अनोळखी माणूस दाखवा. काळा गॉगल, काळं जॅकेट. टेंपोवाला वगैरे."

कॅमेरा आणि एडिटिंग सांभाळणारा अक्षय इतका वेळ खाली मान घालून बसला होता. त्याने हात वर केला. "सर, माझे बाबा टेंपो चालवतात."

"मग टेंपोशिवाय दाखवा," विपुल म्हणाला.

हर्षलाने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. नसतं ठेवलं तर फेकलं असतं. "सर, काळा गॉगल लावून कुंभिवलीत माणूस शिरला तर नाक्यावरच त्याच्या सात पिढ्या विचारून घेतील. त्याच्यापासून सावध राहा हे पोरांना शिकवायलाच नको. मुलांना त्रास देणारं माणूस बहुतेक वेळा ओळखीतलंच असतं. तेच दाखवायचं नाही तर आपण काय रांगोळीचे व्हिडिओ करायचे?"

समिधाताईंनी दोघांच्या मध्ये बिस्किटांची बशी सरकवली. "आधी करून तर बघू," त्या म्हणाल्या. "एका शाळेत दाखवू. मुलांना कळलं तर ओळखीचा माणूस ठेवू. नाही कळलं तर विपुलसर, तुमचा गॉगलवाला."

विपुल तयार झाला. तिसऱ्या फिल्मचा जीव आता त्या एका शाळेवर लटकला.

आता 'ओळखीचा माणूस' व्हायला माणूस हवा. कोणी तयार होईना. त्यालाही कारण होतं. पालखीच्या उत्सवात गावकरी स्वतः नाटक बसवतात, आणि त्यात एकदा खाष्ट सासरा झालेल्या माणसाला अजून पोरं "सासरंबुवा" म्हणून हाक मारून पळतात. इथे नाटकातलं सोंग तोंडावरून उतरतं, नावावरून उतरत नाही. मग मोबाइलवर सगळ्या तालुक्यात फिरणाऱ्या फिल्ममध्ये कोण उभं राहणार?

शेवटी शेजारचे नाना उभे राहिले. "मी कंस झालोय, दोनदा दुःशासन झालोय," ते म्हणाले. "भर मांडवात साडी ओढली, तरी गावानं मला भजनात पेटी वाजवायला बसवलाच की. आता काय जाणाराय माझं?"

मुलीचं काम सानवी करणार होती. हर्षलाच्या भावाची, हरेशची मुलगी, वय सात. गोष्ट साधी होती. ओळखीचे आजोबा खाऊ दाखवून म्हणतात, ये, मांडीवर बस, मग देतो, आणि घरी सांगू नको. मुलगी नको म्हणते, निघून जाते, आईला सांगते. आई ऐकते.

शूटिंग नानांच्या ओटीवर होतं. गाव लोटलं. हर्षलाची आई गोदूबाई नातीचं कौतुक बघायला स्टूल घेऊन कॅमेऱ्याच्या अगदी मागे बसली.

पहिल्या वेळी सानवी 'नको' म्हणून खुदकन हसली. दुसऱ्या वेळी 'नको' म्हणाली आणि तरीही जाऊन मांडीवर बसली. तिसऱ्या वेळी म्हणाली, "नको, थँक्यू."

"थँक्यू नको गं बाळा."

"आत्या, बाई सांगतात थँक्यू म्हणायचं."

चौथ्या वेळी नानांनी घात केला. त्यांनी खाऊ दाखवता दाखवता असा काही गडगडाट केला की मागच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"नाना, कंस नको," हर्षला कपाळाला हात लावून म्हणाली. "तुम्ही चांगले वाटले पाहिजेत."

"मंग वाईट कंदी वाटायचा?"

"वाटायचाच नाही."

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "हे तर कंसाहून कठीन हाय," ते म्हणाले.

पाचव्या वेळी मात्र जमलं. नाना असे गोड हसले की कुणालाही त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं असतं. सानवी एक पाऊल मागे सरली, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि ठणकावून म्हणाली, "नको! मला नाही आवडत." हर्षलाने अक्षयकडे बघून अंगठा वर केला. आणि कॅमेऱ्याच्या मागून खणखणीत आवाज आला,

"अगं ए सानवे! नानांना असं बोलतात? सॉरी म्हन आधी!"

सानवी वळली, दोन्ही हात जोडले, "सॉरी, नाना."

"असूं दे गं, असूं दे," नाना म्हणाले.

जमलेल्या बायकांनी माना हलवल्या. गोदूबाईने पदर नीट केला. पोरीला वळण आहे, सगळ्यांचं समाधान झालं. हर्षलाने ट्रायपॉडवर डोकं टेकवलं.

त्यानंतर सानवीने काम करायला साफ नकार दिला. "मी नको म्हटलं की आजी ओरडते," ती म्हणाली, आणि यात चुकीचं काहीच नव्हतं.

"ताई, 'सॉरी'च्या आधी कट मारतो, कुणाला कळणार पण नाही," अक्षय ऑफिसात म्हणाला. त्याने तो तुकडा लावला. सानवीच्या फ्रॉकवर लावलेल्या माइकमध्ये गोदूबाईचा आवाज लख्ख आला होता. हर्षलाने तो पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. ती चिडलेलीच होती, पण आता तिला कळेना की नक्की कुणावर.

"कट नको मारूस," ती म्हणाली. "आपण इतके दिवस जे दाखवायला धडपडतोय ते हेच आहे."

त्यांनी सगळं तसंच ठेवलं. सानवीच्या सॉरीनंतर पडद्याच्या खालून चिंबोरी डोकं वर काढते, डोळ्यांच्या काड्या फिरवते आणि विचारते, "थांबा थांबा! इथे सॉरी कोणी म्हणायला हवं होतं?" मग चित्र तिथेच थांबतं. उत्तर मुलांनी द्यायचं.

दाखवण्याच्या दिवशी शाळेतल्या वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. विपुल मागे भिंतीला टेकून उभा होता. गोदूबाई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या बाकावर, नातीच्या शेजारी. फिल्ममध्ये काय ठेवलंय हे तिला माहीत नव्हतं. हर्षलाने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती आलीच नसती.

चिंबोरीने प्रश्न विचारला आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "सानवीनं!"

वर्गावरच्या बाई चुकून टाळ्या वाजवून बसल्या. विपुल हर्षलाच्या कानाशी वाकला. "बघा मॅडम. उलटंच कळलं."

तेवढ्यात मागून एकाने आवाज ओळखला. "ए, ती सानवीची आजी हाय!" पन्नास डोळे गोदूबाईकडे वळले आणि वर्ग खिदळला. गोदूबाईने मान खाली घातली.

हर्षला पुढे गेली. आता जायचंच आहे तर सगळं जाऊ दे, अशा रागाने ती मुलांसमोर उभी राहिली. "सानवीनं काय चूक केली?"

"मोठ्या माणसाला नको बोलली."

"तिला काय नको होतं?"

मैना नावाची दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "तिला मांडीवर नव्हतं बसायचं."

"मग?"

"मंग नाय बसायचं."

"मग तिनं सॉरी का म्हणायचं?"

मैनाच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "नानांनी म्हनायचं. त्यांनी घरी सांगू नको सांगितलं." "नाय रं, आजीनं म्हनायचं, तीच ओरडली!" "आजी कशाला? आजीला काय म्हाईत?" "मंग इचारायचं ना तिनं आधी!" बाकाबाकांवर भांडण पेटलं. बाई 'शांत बसा' म्हणून दमल्या. एकही मूल पाणी प्यायला उठलं नव्हतं.

विपुल भिंत सोडून सरळ उभा राहिला होता. "ठेवा," तो शेवटी म्हणाला. "पण आजींना विचारा. त्या नको म्हणाल्या तर त्यांचा आवाज काढावा लागेल." आवाज काढला तर सानवी सॉरी का म्हणते तेच कळणार नव्हतं. हर्षलाने पहिल्या बाकाकडे बघितलं. गोदूबाई केव्हाच निघून गेली होती.

हर्षला घरी आली तेव्हा आई ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. साडी बदललेली.

"गावभर माझी शोभा केलीस."

"आये, तूच बोललीस ना ते?"

"बोलले. काय खोटं बोलले? मोठ्यांचा मान ठेवायचा नाय?"

"ठेवायचा गं. पण तिला नको होतं."

"नाटकात नको व्हतं. नानांनी काय खरंच..."

"नाटकात नको म्हणाली तरी तू तिला हात जोडायला लावलेस. उद्या खरंच कुणाला म्हणाली तर? ती सांगेल तुला? विपुलला सांगून थकले, गावाला सांगून थकले, आता घरात पण तेच सांगायचं का मी?"

गोदूबाईच्या हातात शेंगा फुटत राहिल्या. एक दाणा उडून पायरीवर पडला, तो तिने उचलला, पुसला, सुपात टाकला.

"आमाला कोन इचारायचं गं," ती सुपाकडे बघत म्हणाली, "काय हवं नि काय नको ते. पोरीच्या जातीनं गप ऱ्हायचं. आमी ऱ्हायलो."

"कशाबद्दल गप राहिलीस?"

"काय नाय." ती सूप घेऊन उठली. उंबऱ्यात थांबली. "ठेव तुझा तो आवाज. पोरं हसली तर हसूं दे."

एवढ्यासाठीच तर हर्षलाने इतकी डोकेफोड केली होती. समिधाताईंना लगेच फोन करायला हवा होता. फोन हातातच होता. पण ती आईच्या पाठीकडे बघत राहिली, आणि तिने एकच प्रश्न विचारला. गोदूबाई आत गेली. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

फिल्म आता कर्जत-खालापूरच्या शाळांमधून फिरते. नानांना पोरं 'सॉरीवाले नाना' म्हणतात. प्रत्येक शाळेत मुलं आधी सानवीचंच नाव ओरडतात आणि मग भांडतात. हर्षला प्रोजेक्टरजवळ उभी असते. आईचा तो खणखणीत आवाज वर्गात घुमला की मुलं पडद्याकडे बघतात, आणि तिच्या मनात मात्र ओटीवर विचारलेला तोच प्रश्न येतो, ज्याचं उत्तर गोदूबाईने आजतागायत दिलेलं नाही: आये, तुला कुणाला नको म्हणायचं होतं?