गणपतीच्या रंगाचा कॉम्प्युटर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते रोह्याच्या कर्णिक बाईंचे, आणि त्यांच्याच शाळेत मी धूर काढला.

बाईंनी मला शाळेपासून बी.एस्सी.पर्यंत अक्षरशः ढकलत नेलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पुढे बाई मुख्याध्यापिका झाल्या आणि नव्वदच्या दशकात एका कंपनीनं शाळेला आपला मोडीत निघालेला कॉम्प्युटर भेट दिला. (तेव्हासुद्धा तो म्हाताराच होता. पडदा आणि यंत्र एकाच खोक्यात, अक्षरं हिरवी.) पडदा मिणमिणता, खोक्याचा कोपरा फुटलेला.

"कॉम्प्युटर शिक्षकाची जागा निघतेय," बाई म्हणाल्या. "तुझ्या अर्जात अनुभवाचा रकाना तेवढा कोरा आहे. हा नीट करून संस्थेच्या अध्यक्षांसमोर चालवून दाखव, म्हणजे काहीतरी लिहिता येईल."

मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्यात मशीन समोरून कसं दिसतं एवढं शिकवलं होतं.

खोका मांडीवर घेऊन एसटीनं पेणला घरी निघालो. शेजारच्या सीटवरच्या मावशी म्हणाल्या, "टीवी हाय का रं?"

"कॉम्प्युटर आहे."

"यात पिक्चर दिसतो?"

"नाही."

"मंग एवढा पोरासारखा कशाला धरलास?"

वडखळच्या खड्ड्यात दुसराही कोपरा गेला.

पडदा मी स्वतः दुरुस्त केला, हे इथे नोंदवून ठेवतो. आतली धूळ ब्रशनं काढली, सुटलेली तार डाग देऊन जोडली. अक्षरं लख्ख दिसू लागली. राहिलं बाहेरचं खोकं. बाबा पेणच्या गणपती कारखान्यात मूर्ती जोडायचं आणि रंगवायचं काम करायचे. मी खोकं सुटं करून त्यांच्या हाती दिलं.

"बाबा, नव्यासारखं दिसलं पाहिजे. चीर नको, भोक नको."

"त्यात काय हाय? आमी सोंडा जोडतो. ह्यो तर डबा."

खोकं परत आलं ते तुळतुळीत, आणि गुलाबी. गणपतीच्या पोटाचा असतो ना, तो गुलाबी.

"पांढरा नव्हता का?"

"पांढरा उंदराला लावतो आमी." मग बाबा हळहळून म्हणाले, "कंपनीवाल्यांनी लय हाल केले रं याचे. दोन्ही अंगांना चिराच चिरा, त्या पण एका मापाच्या. सगळ्या भरल्या."

मी हात फिरवून पाहिला. एकही चीर बोटाला लागेना. मी भारावून बाबांच्या पाया पडलो. (पदवीधर मी होतो.) आईनं खोक्याला हळदकुंकू लावलं.

त्या चिरा यंत्राला वारा लागावा म्हणून कंपनीनंच ठेवल्या होत्या, हे कळायला मला अध्यक्षांचं भाषण ऐकावं लागलं.

शाळेच्या वर्गात अध्यक्षांनी बटण दाबलं, हिरवी अक्षरं उमटली, टाळ्या झाल्या. मग ते बोलायला उभे राहिले आणि बोलतच राहिले. अक्षरं आधी थरथरली, मग आकसली. गुलाबी रंगाला फोड आले. शेवटी धूर निघाला, अगरबत्तीएवढा.

"हा कार्यक्रमातलाच भाग का?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी शांतपणे प्लग काढला. मागच्या बाकावरून बाबा उठले. "आयला, धूर निघतोय कुठनं? मी तर एक भोक ठेवलं नाय!"

सगळा वर्ग हसला. अध्यक्ष हसले नाहीत. "पुन्हा चालू झालं, तर नेमणुकीचं बघू," म्हणाले. खोका पुन्हा माझ्या मांडीवर बसून पेणला आला. तिथून मी बाईंना लिहिलेलं पत्र असं:

"तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

बाबांनी कोरणीनं सगळ्या चिरा पुन्हा कोरल्या आहेत, पूर्वीपेक्षा सुबक. जळलेला भाग मी बदलला. कॉम्प्युटर काल सकाळपासून चालू आहे. अख्खी आळी पाहून गेली. दोघीतिघींनी पुढे केळी ठेवली. रंग बदलायला बाबा तयार नाहीत, तेवढं अध्यक्षांना सांभाळून सांगावं.

सोमवारी कॉम्प्युटर घेऊन येतो. अर्जातला अनुभवाचा रकाना आता भरावा, ही विनंती. 'यंत्राला भोकं लागतात, हे उमेदवाराला अनुभवानं ठाऊक आहे,' एवढं लिहिलं तरी खोटं होणार नाही."