मानपत्रातली एक ओळ

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा वाटलं होतं, आता दुपारी झोपायला मिळेल. पण ज्याचं अक्षर आणि शुद्धलेखन दोन्ही बरं असतं त्याला पुण्यात असं मोकळं सोडत नाहीत. वर्षभरात मी कोथरूडमधली ‘मानपत्रं लिहिणाऱ्या बाई’ झाले. शाल आणि नारळ दुकानात तयार मिळतात; मानपत्र कुणीतरी बसून लिहावं लागतं.

त्याचा साचा असतो. सत्कारमूर्तीला ‘आपण’ म्हणायचं. आधी कष्ट, मग कीर्ती, शेवटी उदंड आयुष्य. मधे कुठेतरी माझी एक हुकमी ओळ यायची: ‘कलेचा वारसा आपल्याला रक्तातूनच लाभला.’ ही ओळ मी गवयांना लावली, तबलजींना लावली, आणि वडिलांचाच दवाखाना पुढे चालवणाऱ्या एका दंतवैद्यांनाही लावली. कुणाची तक्रार आली नाही. रक्ताची तपासणी कोण करतं?

त्या हिवाळ्यात समितीचे कार्याध्यक्ष घरी आले. इमारती बांधायचे, आणि उरलेल्या वेळात सत्कार करायचे. धायरीचा एक मुलगा युरोपात बॅले नाचतो, तिकडच्या मोठमोठ्या नाट्यगृहांत प्रमुख भूमिका करतो, आणि हे आपल्याला वीस वर्षं माहीतच नव्हतं, असं त्यांनी मला जरा रागानेच सांगितलं. एक सॉफ्टवेअर कंपनी प्रायोजक मिळाली होती. सत्कारानंतर तो दहा मिनिटं नाचणार होता. “एकटाच नाचणार म्हणे,” कार्याध्यक्ष काळजीत होते. “मग राम कोण, रावण कोण?” आमच्याकडे बॅले म्हणजे नृत्यनाटिका, मुकुट, धूर आणि पडद्यामागून निवेदन. मी त्यांना म्हटलं, तोच आलटूनपालटून दोन्ही करत असेल. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

धायरीतही कुणाला माहीत नव्हतं, त्याला कारण होतं. त्या वर्षांत पुण्यात ‘मुलगा बाहेर असतो’ याचा अर्थ एकच होता. वडील एवढंच सांगायचे, ऐकणारा पुढचा संगणक आपल्या मनाने जोडून घ्यायचा.

लिहायला माहिती हवी म्हणून समितीने मला एक सीडी दिली. भाच्याच्या जुन्या संगणकावर मी ती भर दुपारी लावली. स्पीकर बिघडलेले होते, त्यामुळे आवाज नव्हता. निळसर अंधारात एक माणूस उभा होता, बराच वेळ नुसता उभा. मला वाटलं सीडी अडकली. मग त्याचा एक हात वर यायला लागला, पाण्यातून वर यावा तसा, आणि आपण श्वास धरून बसलोय हे मला हात वर पोचल्यावर कळलं. नंतर तो उडाला. उडी मीही शाळेत मारलेली आहे. माणूस वर जातो आणि लगेच खाली येतो. हा वर गेला आणि तिथे काही विसरलं होतं ते आठवत असल्यासारखा थांबला. तिसऱ्यांदा सीडी पाहताना बाहेर भंगारवाला ओरडला आणि मला क्षणभर कळेना आपण कुठल्या गावात आहोत. अशा गोष्टींनी मी सहसा भारावत नाही. संध्याकाळी मानपत्र लिहिलं, सवयीने हुकमी ओळही घातली, आणि कागद छपाईला गेला.

वडिलांना मजकूर एकदा दाखवावा, हा शहाणपणा मला छापून झाल्यावर सुचला. कच्चा कागद घेऊन सकाळी सातला धायरीला गेले. डिसेंबरचं धुकं होतं. नव्या इमारतींचे खालचे मजले त्यात बुडालेले आणि वरचे नुसतेच तरंगत होते. दोन इमारतींच्या मधे ज्वारीचा एक तुकडा उरला होता, तो कुणाच्या तरी कोर्टकचेरीमुळे वाचला असावा. घर एकमजली, वर गच्ची. खालून हाक मारली तर वरून आवाज आला, या वरती.

गच्चीवर जे पाहिलं ते अजून डोळे मिटले की दिसतं. धुक्यातून ऊन नुकतंच निघत होतं. मुलगा कठड्याला एक हात लावून पाय लांब करत होता, जवळ घेत होता, पुन्हा लांब करत होता. सदतीस-अडतीस वर्षांचा माणूस, कानशिलावर केस पांढरे. जगात कुठेही असला तरी सकाळी तेच, नऊ वर्षांच्या पोराला शिकवतात तेच, असं नंतर त्याने सांगितलं. त्याच्याकडे पाठ करून, जिन्याच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून, खुर्चीवर त्याचे वडील पेपर वाचत बसले होते. निवृत्त टर्नर, अडतीस वर्षं लेथ मशीनवर काढलेली.

मुलगा चहा आणायला खाली गेला. वडिलांनी मानपत्र वाचायला घेतलं. शब्दाखाली बोट ठेवून, तपासनीस वाचतो तसं. मधल्या ओळीवर बोट थांबलं.

“मॅडम, हे काढा.”

मी विचारलं, काय चुकलं?

ते सावकाश सांगत गेले, माझ्याशी बोलायचं म्हणून जपून, शुद्ध भाषेत. त्यांचे वडील गावात घुंगरांची काठी घेऊन नाचायचे. जत्रेत पालखीपुढे आणि सणाला पाटलांच्या दारात. आवड म्हणून नव्हे, ते नेमून दिलेलं काम होतं. नाचायचं आणि वाढतील ते पदरात घ्यायचं. बौद्ध धम्म स्वीकारला त्या वर्षी त्यांनी ती काठी मोडून चुलीत घातली आणि तिच्यावर चहा केला. घुंगरं राखेत काळी पडली. सहा वर्षांच्या पोराला जवळ बसवून म्हणाले, आता आपल्यातलं कुणी कुणाच्या दारात नाचायचं नाही, आणि कुणी नाचलं तर उभं राहून बघायचंही नाही.

“तो चहा मी प्यालोय,” वडील म्हणाले. “हा वारसा आम्ही जाळला. तुम्ही परत रक्तात घालताय.”

इतक्या मानपत्रांत ती ओळ कुणी वाचलीच नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं. मीसुद्धा नाही.

मुलगा महापालिकेच्या व्यायामशाळेत जिम्नॅस्टिक्सला जायचा, इथपर्यंत त्यांची ना नव्हती. तिथल्या खांबांवरचा त्याचा तोल कॅम्पात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या परदेशी बाईंनी पाहिला आणि त्याला फुकट शिकवायला घेतलं. सोळाव्या वर्षी परदेशच्या शाळेचा फॉर्म आला त्यावर ‘शारीरिक शिक्षण’ लिहिलेलं होतं. वडिलांनी सही केली. खरं काय ते पुढच्या वर्षी फोटोतून कळलं. तेव्हापासून पैसे, पत्रं, औषधं, सगळं नीट येत-जात राहिलं. फक्त नाच कधी पाहिला नाही.

“रविवारी सत्काराला मी येईन, पण दारात उभा राहीन,” ते म्हणाले. “ही ओळ वाचलीत की निघेन.”

“मग काय लिहू?”

त्यांनी थोडा विचार केला. “लिहा, तो शिकला. मी टर्नर झालो तो शिकून झालो. तोपण शिकूनच झालाय.”

मुलगा चहा ठेवून परत त्याच्या जागेवर गेला आणि गिरक्या घ्यायला लागला. मी चहा पीत होते. वडील पेपर धरून होते, पण पान काही उलटत नव्हतं. मग मी त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. ऊन मुलाच्या मागून येत होतं आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर त्याची सावली फिरत होती. उंच, सडपातळ, एका पायावर.

“डावीकडं आउट फिरतोय आज,” ते पेपरला म्हणाले. त्यांची शुद्ध भाषा आता सुटली होती. लेथवर जॉब, म्हणजे कातायला लावलेला तुकडा, बरोब्बर आपल्या मध्यावर फिरला पाहिजे, केसभर सरकला की आउट; डायल लावला की काटा हलून चुगली करतो, असं त्यांनी मला समजावलं. मग हळूच म्हणाले, “गुडघा दुखतोय त्याचा. सांगत न्हाई मला. मला दिसतंय की.”

मुलगा मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. मी विचारलं, चक्कर कशी येत नाही? तो म्हणाला, एक जागा धरून ठेवायची. सगळं अंग फिरतं, डोळे तिथेच. मान सगळ्यांत शेवटी निघते आणि सगळ्यांत आधी परत येते. गच्चीवर सिंहगडावरचा टीव्हीचा टॉवर धरतो. तिकडे नाट्यगृहात मागच्या दारावरचा लाल दिवा. आमच्या नाट्यगृहातला तो दिवा कित्येक महिने बंद आहे, असं मी सांगितल्यावर तो हसला. मग म्हणाला, “ताई, रविवारचा शेवटचा. गुडघा संपलाय. अण्णांना सांगू नका. त्यांनी एकदा समोर बसून बघावं, एवढंच होतं.”

मानपत्र चौकटीत बसून आलं होतं. दुसरं छापायला वेळ नाही, समितीवाले म्हणाले. मी घरी नेऊन काचेवर, त्या ओळीवर बरोबर बसेल अशी कागदाची पट्टी चिकटवली आणि माझ्या हाताने नवी ओळ लिहिली. कार्याध्यक्षांना ती किमतीची चिठ्ठी वाटली. रविवारी सकाळी ते नखाने काढत होते, मी वेळेवर पोचले.

व्यासपीठावर अकरा मान्यवर होते. मागे कंपनीचा फलक; त्यावर कंपनीचं नाव मोठं आणि सत्कारमूर्तीचं ज्यांना चष्मा आहे त्यांच्यासाठी. मुलाच्या डोक्यावर पगडी घातली, ती कानांवर आली. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी होती. मी मानपत्र वाचायला उभी राहिले तेव्हा मागे, बंद दिव्याच्या दारात, पांढरा शर्ट दिसला.

पट्टीवरची ओळ आली. मी वाचलं, “आपल्या घरात कुणी नाचत नव्हतं. आपण हे शिकलात.”

सभागृहात काही झालं नाही. टाळ्या पगडीला पडल्या होत्या, इथे कोण वाजवणार? पण पांढरा शर्ट मधल्या वाटेने पुढे आला, घाई न करता, आणि रिकाम्या खुर्चीत बसला.

मग भाषणं झाली. आपणही गणपतीत कसे नाचायचो हे एका मान्यवरांनी सांगितलं. दुसऱ्यांनी माहिती तंत्रज्ञान आणि लालित्य यांचा संबंध जोडला, तो बराच वेळ जुळेना. भाषणं संपली तेव्हा दुपारच्या नाटकाची मंडळी सेट घेऊन दारात उभी होती, ध्वनिवाल्याने वायरी गुंडाळल्या होत्या आणि दहा मिनिटांची चार झाली होती. कार्याध्यक्ष म्हणाले, “अगदी झलक दाखवा.” मान्यवर उठून गेले, खुर्च्या तशाच.

मुलाने पगडी काढून हातात धरली आणि कुणाला द्यावी कळेना म्हणून उभा राहिला. मला वाटलं, आता तो नमस्कार करून आत जाणार.

वडील उठले. जिना चढून वर आले आणि एकेक खुर्ची उचलून विंगेत ठेवायला लागले. तिसऱ्या खुर्चीला मीही लागले. मग ते गुडघ्यांवर बसले आणि लाकडी जमिनीवरून तळहात फिरवत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. “थांब,” म्हणाले. आदल्या कुठल्या तरी नाटकाचा खिळा वर आला होता. तो त्यांनी पक्कड नसताना, वाकडातिकडा हलवून काढला, शर्टाच्या खिशात टाकला, आणि खाली जाऊन परत खुर्चीत बसले. “हां. आता कर.”

तो नाचला. संगीत नव्हतं. पावलं टेकल्याचा आवाजही नव्हता, फक्त अंगाभोवतीची हवा हलल्याचा. ओले कपडे दोरीवर वाऱ्याने हलतात तसा. दारातली सेटवाली मंडळी सामान खाली ठेवून उभी राहिली. एवढं मला सांगता येतं. बाकीचं विचारू नका, कारण मी विंगेतून वडिलांकडे बघत होते. ते ताठ बसले होते. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होते, नुकत्याच उतरवलेल्या जॉबचा गुळगुळीतपणा बघावा तसा. मान एकदाही वळवली नाही.

नंतर बाहेर अमृततुल्यात आम्ही दोघं चहाला उभे होतो. मुलाला लोकांनी फोटोसाठी धरून ठेवलं होतं. वडिलांनी खिशातला खिळा काढून बशीशेजारी ठेवला.

“आउट नव्हता,” ते म्हणाले. “डायल लावला असता तरी काटा हलला नसता. एवढ्या दुखऱ्या पायावर.”

मग त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

“एक मात्र हाय मॅडम. एवढी माणसं होती हॉलमधी. आन हा गडी प्रत्येक गिरकीला आधी माझ्याकडंच बघत होता.”

फिरताना एक जागा धरावी लागते आणि मागचा दिवा बंद होता, हे मला माहीत होतं. लोकांच्या चुका दुरुस्त करणं हा माझा जन्मभराचा धंदा. मी बशीशेजारचा खिळा त्यांच्याकडे सरकवला आणि आणखी एक चहा सांगितला.