दवाखान्यातले तीन तुकडे

शाळेत मुलं त्यांना ‘रंगबाई’ म्हणायची. चित्रकलेच्या तासाला बाई वर्गात शिरल्या की बाहीवर कुठला ना कुठला रंग सुकलेला असायचाच. पण त्यांचं खरं काम सुरू व्हायचं ते शाळा सुटल्यावर, घरच्या मागच्या खोलीत. पुढच्या दोन खोल्यांत धाकटा भाऊ आणि वहिनी राहायचे. भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा.

बाईंची चित्रं कुणालाच कळायची नाहीत. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. नुसते रंग आणि रेघा. शेजारणीनं एकदा दारातून डोकावून विचारलं होतं, “हे पुसायचं राहिलंय का?” बाई त्यावरही हसल्या होत्या. पण एका चित्राबद्दल मात्र त्या कुणाचं काही ऐकून घेत नसत. त्यांची आई एकेक माणूस विसरत चालली होती, त्या वर्षी काढलेलं ते चित्र. माणूस झोपेल एवढा रुंद कॅनव्हास, राखाडी, फक्त उजव्या टोकाला नारिंगी, आणि त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एकच काळी रेघ. ती रेघ त्यांनी श्वास रोखून, चालत चालत, एका दमात ओढली होती. पुन्हा तशी जमली नाही.

प्रदर्शनात ते चित्र एका दातांच्या डॉक्टरांनी घेतलं. बाईंचं एवढं मोठं चित्र पहिल्यांदाच कुणी तरी घरी नेत होतं. पुढं तीन वर्षं त्या मनातल्या मनात ते कुठल्याशा स्वच्छ भिंतीवर टांगलेलं बघत राहिल्या.

मग एके सकाळी त्यांची दाढ अशी ठणकायला लागली की डोळ्यांपुढं काजवे चमकले.

“त्याच डॉक्टरांकडे जाऊ,” वहिनी म्हणाली. “नवा दवाखाना काढलाय म्हणे. चित्र तिथंच लावलंय. दाढही दाखवू आणि चित्रही बघू.”

सुजलेला गाल धरून बाई निघाल्या, पण जाताना त्यांनी केस नीट विंचरले. चित्राला भेटायला जायचं होतं ना!

त्यांचे हाल बघून दवाखान्यातल्या मदतनीस बाईनं त्यांना मागच्या दारानं थेट खुर्चीतच नेलं. डॉक्टरांनी ओळखलं नाही. सुजलेला गाल कोण ओळखणार? इंजेक्शन देऊन ते म्हणाले, “बाहेर दहा मिनिटं बसा. बधिर होऊ दे.”

बाई बाहेर आल्या आणि दारातच थिजल्या.

समोर भिंतीला तीन खुर्च्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीच्या वर एक चित्र. राखाडी. राखाडी. राखाडीवर नारिंगी. आधी त्यांना वाटलं, आपली कुणी तरी नक्कल केलीय. मग ती काळी रेघ दिसली. पहिल्या चौकटीत सुरू होऊन काठाशी तुटलेली. मध्ये वीतभर भिंत. दुसऱ्या चौकटीत पुन्हा सुरू, पुन्हा तुटलेली.

चित्र कापलं होतं. कात्रीनं, कापड कापावं तसं.

वहिनीच्या हातातली पिशवी खाली पडली. “अगं बाई! ताई, हे तर तुमचं…”

बाई पुढं झाल्या, आणि तिसरी चौकट भिंतीपासून जराशी ओढून मागं बघितलं. कॅनव्हासची चार बोटं कड मागं दुमडून लाकडावर पिना ठोकल्या होत्या. त्या दुमडीत त्यांची सही होती. सहीच्या पहिल्या अक्षरातून एक पीन आरपार गेली होती.

तेवढ्यात डॉक्टर हात पुसत बाहेर आले. “आवडली का चित्रं? भिंत मोठी, खुर्च्या तीन. अख्खं चित्र मधोमध लावलं की बाजूच्या दोन ओक्याबोक्या दिसायच्या. सुताराला म्हटलं, तीन कर.”

बाईंना ओरडायचं होतं. पण अर्धं तोंड बधिर. “ए… आझं… इत्र…” एवढंच बाहेर पडलं.

“बोलू नका, जीभ चावली जाईल,” डॉक्टर मायेनं म्हणाले.

“अहो डॉक्टर, त्यांनीच काढलंय ते!” वहिनी कडाडली.

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी एकदा चित्राकडे बघितलं, एकदा बाईंकडे, आणि मदतनीस बाईच्या स्टुलावर मटकन बसले. “कापल्यानं काही बिघडेल असं मला खरंच वाटलं नाही हो,” ते पुटपुटले. “सगळं सारखंच दिसत होतं…”

आठवडाभर बाईंनी ब्रशला हात लावला नाही. भावानं समजूत घालायचा प्रयत्न केला. “ताई, मीही घड्याळ एकदा दिलं की ते गिऱ्हाइकाचं. त्यानं ते पाण्यात बुडवलं तर मी काय करणार?”

“त्या घड्याळात तू नसतोस.”

“असतो थोडासा,” तो म्हणाला, आणि उठून गेला.

दाढेसाठी दुसऱ्यांदा जाणं भाग होतं. या वेळी बाई एकट्या गेल्या, समोरच्या बाकावर बसल्या, आणि नाइलाजानं तुकड्यांकडे बघू लागल्या. बघता बघता त्यांना पुन्हा धक्का बसला, पण हा धक्का निराळाच होता.

पहिला तुकडा चांगला होता. नुसता चांगला नाही. अख्ख्या चित्रात नव्हतं ते त्याच्यात होतं. भरपूर राखाडी, आणि खाली कोपऱ्यातून निघून काठाशी अचानक थांबलेली रेघ. आई बोलता बोलता अशीच थांबायची, दाराकडे बघत. आणि तिसरा तुकडा? तिथं नारिंगी रंगाचे थरावर थर होते. प्रदर्शन भरवणारे गृहस्थ “उजवीकडे रिकामं वाटतंय” म्हणाले, म्हणून शेवटच्या चार दिवसांत घाबरून लावलेले. रिकामेपणाची त्यांना भीती वाटली होती, आणि तीन वर्षं त्या भीतीलाच त्या चित्र समजत होत्या. सुतारानं काही न समजता जे केलं, ते करायची त्यांची छाती झाली नसती. हे कळलं तेव्हा त्यांना रागापेक्षा लाज जास्त वाटली.

डॉक्टर अपराध्यासारखे जवळ आले. “तिन्ही परत घेऊन जा, बाई. किंवा जोडता येत असतील तर…”

“जोडायचं काही नाही. पहिलं आणि मधलं राहू दे, पण एकमेकांपासून लांब लावा. ती आता दोन चित्रं आहेत. तिसरं मी नेते.”

“मग तिसऱ्या खुर्चीच्या वर काय लावू?”

“कॅलेंडर लावा,” बाई म्हणाल्या.

तिसरा तुकडा त्यांनी घरी आणला, नारिंगीवर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि सुकायला ठेवला. त्या वर्षी त्यांनी सात चित्रं काढली. त्यातली दोन त्यांनी मध्येच थांबवली. ती चांगली आहेत की नाहीत, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्याचं कापलेलं सहन करणं एक वेळ जमेल, त्या वहिनीला म्हणाल्या. आपणच काढलेलं आपल्या हातानं कमी करणं मात्र अजूनही जड जातं.

डॉक्टरांच्या सुताराबद्दल घरात कुणी वाईट बोललं की बाई ब्रश धुवायला मागच्या खोलीत जातात.